पोलिसांविरुद्धचा दावा फेटाळला, आता पुढे काय?

पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध किंवा बेकायदा अटकेविरुद्ध एखादे कुटुंब न्यायालयात जाते आणि शेवटी हाती येते ते ‘दावा फेटाळण्यात येत आहे’ एवढे वाक्य. घरचे खचतात, कार्यकर्ते पांगतात. सारसोळे-नेरूळ असो वा मराठवाडा, आम्ही तरुणांना एकच सांगतो : त्या वाक्यापाशी थांबू नका, त्यामागचे कारण वाचा.

सरकार थांबत नाही, हे परभणीने दाखवले. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांच्या आईच्या याचिकेवर अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. सरकार वरच्या न्यायालयाची पायरी इतक्या लवकर चढते, तर आपण का मागे राहावे?

दावा कशामुळे फेटाळला, यावर पुढचा मार्ग ठरतो.

तारखेला गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकला असेल, तर अपील नव्हे, त्याच न्यायालयात ३० दिवसांत तो पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करायचा. योग्य कारण दाखवावे लागते.

मुदत संपली किंवा सरकारला दोन महिन्यांची नोटीस दिली नाही, अशा कारणाने दावा सुरुवातीलाच नाकारला असेल, तर त्याविरुद्ध अपील करता येते. दोष फक्त नोटिशीचा असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर नवा दावाही लावता येतो. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १६१ लागू झाले, तर दाव्याची मुदत अवघी सहा महिने असते. म्हणून घटना घडताच वकील गाठा.

पुरावा तपासून दावा फेटाळला असेल, तर पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासले जातात. नवा पुरावा मात्र अपवादानेच घेतला जातो. वैद्यकीय कागद, स्टेशन डायरी, सीसीटीव्हीचे चित्रीकरण हे सगळे खालच्या न्यायालयातच मागितलेले बरे.

अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात असेल तर ९० दिवस. प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ यातून वगळला जातो. म्हणून निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटवावे लागते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रिट याचिका फेटाळली, तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते.

कोठडीतील मृत्यूबद्दल रिट याचिकेतूनही भरपाई मिळते. ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांनी मुलाच्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सार्वभौमत्वाच्या नावाखाली सरकारला अशी जबाबदारी टाळता येत नाही, हे त्या निकालाने पक्के झाले.

पैशांची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धही त्यात येतात. जातीचा दाखला जवळ ठेवा.

मोर्चा काढाच, पण निकालाची नक्कल कोण आणणार, हेही त्याच दिवशी ठरवा. जय भीम!