हिस्सा, तुकडा आणि मोबदला

वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीचा दावा म्हटला की भाऊबंदकीच्या नावाने बोटे मोडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्या वादाचे मूळ अंकगणितात आहे, तो केवळ स्वभावदोषाच्या खात्यावर टाकणे न्याय्य नव्हे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांना आढळले की, १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेले धारणक्षेत्र १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. महाराष्ट्राची सरासरी १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली.

या सरासरी शेताला चार वारस असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तेहतीस गुंठे येतात. विहीर मात्र एकच असते आणि गाडीवाटही एकच. क्षेत्र भागता येते; पाणी आणि वाट भागत नाही. दिवाणी न्यायालय हिस्से ठरवते. सारा भरणाऱ्या जमिनीचे सरस-निरस पाहून प्रत्यक्ष वाटप करण्याचे काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. हुकूमनामा झाला तरी ताबा दूरच राहतो, तो या टप्प्यावर.

कायद्याने येथे दोन इष्ट गोष्टी एकाच वेळी मागितल्या आहेत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली. त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. उलट १९४७ चा तुकडेबंदी कायदा जमिनीचे फार लहान तुकडे पाडू देत नाही. वाटपात असा तुकडा पडणार असेल, तर त्या हिस्सेदाराला जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यावी, हा त्यातील तोडगा आहे.

तोडगा शहाणपणाचा आहे. पण हा पैसा आणायचा कोठून? जो भाऊ शेत कसतो, त्याच्यापाशी तो नसतो. मग कागदोपत्री वाटप होऊन तोट्याची शेती वाढते, किंवा बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊन साडीचोळीवर तिची बोळवण होते. पहिल्यात शेती हरते, दुसऱ्यात न्याय हरतो.

म्हणून हिस्सा विकत घेण्यासाठी दीर्घ मुदतीचे, माफक व्याजाचे कर्ज हीही शेतीसुधारणाच मानली पाहिजे. विहिरीसाठी कर्ज मिळावे आणि ती विहीर अभंग राखण्यासाठी मिळू नये, यात कोणते अर्थशास्त्र आहे? हक्काला मोबदल्याची जोड मिळेपर्यंत समान वारसा सातबाऱ्यावर दिसेल. बहिणीच्या पदरात मात्र पडणार नाही.