हृदय एक, किडन्या दोन : इंग्रजी आणि विज्ञानाची उजळणी एकत्र

चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्रजी व्याकरणात हमखास चकवणारा नियम म्हणजे क्रियापदाला लागणारा 'एस'. तो पाठ करून घेण्यापेक्षा शरीराच्या धड्यातून शिकवा. हृदय एकच, म्हणून 'द हार्ट पंप्स ब्लड'. किडन्या दोन, म्हणून 'द किडनीज क्लीन ब्लड'. जठर एक, फुप्फुसं दोन, मेंदू एक. प्रत्येक अवयवाचं काम मुलांनाच इंग्रजीत सांगू द्या. नियम आणि विज्ञान दोन्ही एका वाक्यात पक्कं होतं!

अनियमित अनेकवचनंही शरीरातच आहेत: टूथ-टीथ, फूट-फीट. तेवढ्यात दुधाचे दात 20 आणि कायमचे 32, हेही सांगून टाका.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग नाडीचा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं हलकेच टेकवायची (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी जाणवते). 30 सेकंद ठोके मोजून दुप्पट करायचे. मग मिनिटभर दोरीवरच्या उड्या आणि पुन्हा मोजणी. आकडा वाढलेला दिसला की कारण सांगा: स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा असतो, म्हणून हृदय वेगाने रक्त पोचवतं. मग वहीत वाक्य: 'माय हार्ट बीट्स फास्टर आफ्टर स्किपिंग'. तुलनेचं रूप 'फास्टर' इथे आपोआप येतं, कारण दोन आकडे समोरच असतात.

वर्कशीट नंतर द्या. परीक्षेआधी एकदा हा प्रयोग करून बघा आणि मुलांनी लिहिलेली वाक्यं कमेंटमध्ये नक्की टाका.