पांढरी जाळी, आखडलेले तोंड आणि खर्रा

चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालफडात धरायचा. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण खर्रा पानठेल्यावरून हटला नाही. त्यामुळे इथे तोंडाचा कर्करोग म्हटले की बोट खर्ऱ्याकडे जाते. ते बहुतांशी बरोबरही आहे. मात्र या आजाराकडे जाणारी एक लहानशी वाट खुद्द शरीराच्या आतूनही निघते.

लायकेन प्लॅनस हा त्वचेचा आणि तोंडाच्या अस्तराचा विकार इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये वर्णिला. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी यात आपल्याच अस्तराच्या तळच्या थरावर उलटतात. गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी उमटते, तिखट झोंबते, काहींना जखमा होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक दिसतो आणि त्यांतल्या अनेकींनी तंबाखूला कधी हातही लावलेला नसतो. सततच्या दाहामुळे पेशी पुन्हापुन्हा मरतात, नव्या घडतात. या घडणीत जनुकांच्या नकलेत चुका साचू शकतात. सुमारे शंभरात एका रुग्णाला पुढे कर्करोग होतो. धोका थोडा असला तरी नियमित तपासणी टाळण्याइतका थोडा नाही.

आपल्या भागात याहून कितीतरी अधिक आढळतो तो सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे आखडत जाणारे तोंड. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला. १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लिहिले. काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्याने हाही स्वप्रतिकार विकार असावा, अशी शंका घेतली गेली. तो कल काहींच्या शरीरात असेलही. पण मूळ कारण सुपारीच ठरले. तिच्यातील अ‍ॅरेकोलीन तंतुपेशींना चेतवते, तांबे कोलॅजनचे धागे घट्ट बांधते आणि गाल चामड्यासारखा ताठर होतो. एर्नाकुलममध्ये सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात अशा ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही कर्ककारक ठरवले. म्हणून ‘मी नुसती सुपारी खातो’ या समजुतीत काही अर्थ नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. जाळी असलेल्या बाईला ‘खर्रा खात असशील’ असे ऐकवले, की ती तोंड दाखवायला लाजते. खर्रा खाणारा ‘उष्णतेने तोंड आलंय’ म्हणत दिवस ढकलतो. उशीर दोघांनाही भोवतो. लायकेन प्लॅनसचे कारण आपल्या हाती नसते, तिथे औषध आणि ठरावीक काळाने तपासणी एवढेच करता येते. खर्रा मात्र हाताने उचललेला असतो. तो सोडल्याने आखडलेले तोंड सहसा पहिल्यासारखे होत नाही, पण आगीत तेल ओतणे थांबते. जाळी असलेल्याने खर्रा खाल्ला, तर एका धोक्यावर दुसरा चढतो.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ गावोगावी दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करत आहे. घरी करता येण्याजोगे कामही सोपे आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावतात का, ते पाहावे. पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दंतवैद्याला दाखवावी. गरज पडल्यास तुकडा काढून तपासून घ्यावा. तोंड दाखवणाऱ्याला आधी दोष देऊ नये, म्हणजे तो वेळेवर तोंड उघडेल.