हे चित्र कोणी काढले?

अमरावती असो वा अकोला, शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात रविवारी सायंकाळी एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. सोमवारी कलेच्या तासाला प्रकल्प सादर करायचा असतो. वडील गल्ला मुनीमजींवर सोपवून घाईने आलेले असतात, आईच्या हातात साहित्याची यादी असते आणि ज्याचा प्रकल्प आहे ते सहावीतील चिरंजीव स्कूटरवरच बसून मोबाइल पाहत असतात. दुकानदार अनुभवी असतो. घोटीव कागद, कार्डशीट, गोंद असे सुटे साहित्य काढण्याच्या फंदात तो पडत नाही. फळीवरचा तयार नमुनाच खाली उतरवतो. "हाच न्या भाऊ, मागच्या वर्षी याला पैकीच्या पैकी मिळाले होते." सौदा दोन मिनिटांत होतो. एरवी ताग्याचा पोत बोटांनी चाचपल्याशिवाय कापड न घेणारी आपली माणसे मुलाची कला मात्र न पाहताच विकत घेतात.

हा दोष मी इतरांवर ढकलत नाही. माझा मुलगा सातवीत असताना त्याने काढलेले घागरीचे चित्र मला वेडेवाकडे वाटले. बँकेतून दमून आलो होतो, तरीही रात्री अकरा वाजता बसून मी ते स्वतःच्या हाताने नव्याने काढून दिले. शिक्षकांचा शेरा आला, 'उत्तम'. मुलाने वही माझ्यापुढे धरली आणि तो अगदी सरळपणे म्हणाला, "बाबा, तुम्हाला उत्तम मिळालं." त्या वेळी मी हसलो. त्यानंतर त्याने घरी चित्र काढलेले मला आठवत नाही.

सेवानिवृत्तीनंतर नातीच्या निमित्ताने शाळांची चित्रप्रदर्शने पाहू लागलो, तेव्हा या गोष्टीचा नीट विचार करावासा वाटला. पाचवी ते आठवी हा काळ चित्रकलेच्या दृष्टीने मोठा नाजूक असतो. लहान मूल निःशंकपणे रेघोट्या मारते. बारा वर्षांच्या मुलाला मात्र आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही, हे कळू लागते. त्याच सुमारास घरातील मोठी माणसे हसली, तर ते पेन्सिल खाली ठेवते. बहुतेकांची ती कायमची खाली राहते.

महाराष्ट्रात या वयाच्या मुलांसाठी एक जुनी आणि भक्कम व्यवस्था आहे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या बोलीतील 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट', राज्याच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जातात. आपल्या घरांत या परीक्षांची चौकशी होते ती बहुधा एकाच कारणासाठी. इंटरमिजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, 'ब' श्रेणीला ५ आणि 'क' श्रेणीला ३. व्यापारी मनाला हा हिशेब चटकन समजतो. पण या परीक्षेत मुलाकडून नेमके काय करवून घेतले जाते, हे विचारणारा पालक मला क्वचितच भेटला.

एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. वस्तुचित्रासाठी समोर काही वस्तू मांडलेल्या असतात. समजा, तांब्या आहे आणि शेजारी दोन संत्री. तांब्याचे तोंड गोल असते हे मुलाला ठाऊक असते. म्हणून ते कागदावर पूर्ण वर्तुळ काढते. तांब्याचा तळ सपाट असतो हेही त्याला ठाऊक असते. म्हणून खाली ते सरळ रेघ ओढते. प्रत्यक्षात त्याच्या जागेवरून तोंड लंबगोल दिसते आणि तळाची कडाही थोडी वाकलेली दिसते. कलाशिक्षकाचे अर्धे आयुष्य एकच वाक्य सांगण्यात जाते: जे माहीत आहे ते नको, जे दिसते ते काढ.

बँकेत आम्हाला हाच धडा वेगळ्या रीतीने गिरवावा लागे. धनादेशावरील स्वाक्षरी नमुना-स्वाक्षरीशी ताडून पाहताना नवा कारकून नाव वाचत असे. जुना माणूस नाव वाचतच नसे, तो वळण पाहत असे. अक्षर कोठे दाबले आहे, शेवटचा फराटा कोणत्या कोनात गेला आहे, हे त्याला दिसे. ही नजर वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. माझ्या माहितीतील असे दोन जुने सहकारी शाळेत चित्रे काढणारे निघाले. यावरून सिद्धांत मांडण्याचा माझा अधिकार नाही. जे पाहिले ते सांगितले.

संकल्पचित्रात दिलेल्या चौकटीत पान, फूल, पक्षी यांसारखे आकार घेऊन रचना करायची असते आणि रंगसंगती साधायची असते. साडीचा काठ, चादरीची नक्षी, मिठाईचे खोके, दागिन्याची घडण या सगळ्यांचे मूळ या एका विषयात आहे. ज्यांचे सारे घर कापडावर किंवा सराफीवर चालते, त्यांनी या विषयाला 'टाइमपास' म्हणावे, हे मला नवलाचे वाटते. अक्षरलेखनाचेही तसेच. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर एक, खाली दोन, त्याखाली तीन अशा वाढत्या ओळींत 'श्री' लिहून आपण जी शिखराकृती साधतो, ती अक्षरलेखन आणि संकल्पचित्र यांचा मेळच होय. माझ्या लहानपणी घरोघरचे वडीलधारे ती मोजून-मापून, श्वास रोखून काढीत. आता काही ठिकाणी त्याचा शिक्का मिळतो, असे ऐकतो.

परंतु सर्वांत अधिक बोलके असते ते स्मरणचित्र. बाजार, सहल, पावसाळ्याचा दिवस असा एखादा प्रसंग मनातून काढायचा. आपल्या भागातील कोणतेही प्रदर्शन पाहा. निसर्गचित्र म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी आणि काठावर नारळाचे झाड. हे चित्र काढणाऱ्या अकोल्याच्या मुलाने नारळाची बाग बहुधा पाहिलेलीही नसते. त्याच्या खिडकीबाहेर कडुनिंब असतो, गावाबाहेर काळ्या मातीचे सपाट शिवार असते, बाभळी असतात, हंगामात कापसाने लादलेल्या गाड्या असतात. अमरावतीच्या मुलाला मेळघाटच्या वाटेवर फाल्गुनात पेटलेला पळस दिसतो आणि वरूड-मोर्शीकडे गेले तर संत्र्याच्या बागा. यांपैकी काहीच कागदावर येत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून काढलेले चित्र तिसरा मुलगा पाहून काढतो आणि वऱ्हाडात कोकण अवतरते.

नकलेविरुद्धचा हा विचार आपल्याला दुरून आणावा लागत नाही. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांना मुलांच्याच रीतीने चित्रे काढू देणारा वर्ग चालवला, हे खरे. पण अमरावतीच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी झाली. हाताच्या कामाभोवती शिक्षण गुंफावे, हा तिचा गाभा होता. पुढे सेवाग्रामला देवीप्रसाद हे कलाशिक्षक आले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे गृहस्थ १९४४ पासून १९६२ पर्यंत तेथे मुलांना चित्रकला शिकवत राहिले. मोठ्यांनी आपली आवड मुलाच्या कागदावर लादू नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, असे मानणारे त्यांचे पुस्तकही आहे. स्वतः नंदलाल बोस १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या सजावटीसाठी आले होते. अकोल्याहून भुसावळच्या पुढे थोडेच गेले की फैजपूर येते. तेथे त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून अधिवेशननगर उभे केले. आपल्या मुलाचा चौकोनी प्रकल्प मात्र चमकी आणि प्लास्टिकच्या फुलांवाचून पूर्ण होत नाही.

शाळांचीही एक बाजू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील, तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या लेखीही कलाशिक्षक अर्धवेळच. त्यातही परीक्षा जवळ आल्या की त्याचा तास गणिताला दिला जातो. आपल्या समाजातील अनेकजण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. इमारतीच्या रंगावर तेथे तासभर चर्चा होते. रंग शिकवणाऱ्याच्या तासाचा विषय निघाल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. अंदाजपत्रकाशी आयुष्य घालवल्यामुळे खर्चाची अडचण मी समजू शकतो. पण वेळापत्रकातील तास तसाच राहू देण्यास पैसा लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यातील एका परिचित कुटुंबाबरोबर त्यांच्या नातीच्या शाळेचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. घराणे किराण्याच्या घाऊक व्यापारातले, मुलगी सातवीत. विषय होता 'बाजारातील दृश्य'. तिने आपलेच दुकान काढले होते. पोत्यांची रास, तराजू, मागे देव्हारा आणि गादीच्या कडेला पाय सोडून बसलेले आजोबा. पाय मात्र केवढे! डोक्याच्या दुप्पट तळवे. आई संकोचली. काका म्हणाले, "अगं, यूट्यूबवर पाहून तरी काढायचं." आजोबा काहीच बोलले नाहीत, पण त्यांना ते रुचले नव्हते, हे दिसत होते.

मी मुलीला विचारले, "पाय एवढे मोठे का गं?"

"मी शाळेतून आल्यावर गादीखाली पायरीवर बसून डबा खाते ना, तिथून दादाजींचे पाय असेच दिसतात. डोकं खूप वर असतं."

तिच्या शेजारच्या चित्रांत दोन डोंगर होते, होडी होती, नारळही होता. त्यांना पारितोषिके होती. तिच्या चित्राला नव्हते. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ते चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, "तराजूचं एक पारडं खाली का ठेवलंस बेटा?"

"त्यात गूळ आहे. तुम्ही नेहमी थोडा जास्तच टाकता."

प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आले. काकांनी पायांपुरते दुरुस्त करून घेण्याची सूचना केली. आजोबांनी ती मानली नाही. सध्या ते दुकानात गादीमागच्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी लावलेले आहे. खाली तिचे नाव, इयत्ता सातवी आणि तारीख तिच्याच अक्षरात आहे.