एका बटणाची उडी

1981च्या सुरुवातीला निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेपुढे मोठं संकट होतं. 'रडार स्कोप' या गेमची सुमारे 3000 यंत्रं त्यांनी जपानहून मागवली होती. त्यातली हजारेक विकली गेली आणि बाकीची गोदामात अडकली. शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी क्योटोतल्या मुख्यालयाला कळवलं की लाकडी पेट्या, पडदे आणि सर्किट तसंच ठेवून आत चालेल असा एखादा नवा गेम द्या. हे काम शिगेरू मियामोतो या तिशीच्या आतल्या औद्योगिक डिझायनरकडे आलं. त्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं. गुनपेई योकोई या अनुभवी अभियंत्याची देखरेख होती आणि प्रत्यक्ष कोड लिहिला इकेगामी त्सुशिन्की या कंपनीच्या लोकांनी. अशा घाईतून जन्मला 'डाँकी काँग'.

मियामोतोंच्या डोक्यात आधी 'पॉपाय' या नाविकाचं कार्टून होतं. त्याचे हक्क तेव्हा मिळाले नाहीत, म्हणून दांडगट ब्लूटोच्या जागी वानर आला, ऑलिव्हच्या जागी पळवून नेलेली तरुणी आणि नाविकाच्या जागी एक सुतार. पात्रं बदलली तरी तिघांमधला झगडा तोच राहिला. कोण कोणाला पळवतो आणि कोण सोडवायला धावतो, हे पडद्यावर काही न वाचता कळतं. गोळ्या झाडायच्या आणि गुण मोजायचे, एवढ्यावर बहुतेक गेम चालत होते, त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

त्या सुताराला पडद्यावर जागा मिळाली ती जेमतेम 16 बाय 16 ठिपक्यांची. एवढ्यात तोंड काढायचं तर ओठ दिसणार नाहीत, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. धावताना उडणारे केस रंगवणं अवघड, म्हणून डोक्यावर टोपी. हात हलताना दिसावेत यासाठी डांगरी आणि बाह्या वेगवेगळ्या रंगांच्या. पुढे मारिओ म्हणून घराघरांत पोचलेला हा चेहरा ठिपक्यांच्या टंचाईने घडवला. सुरुवातीला त्याचं नाव 'जम्पमॅन' होतं, आणि ते अगदी योग्य होतं, कारण या गेमचा सगळा जीव उडीत आहे.

शिड्या आणि मजले 1980च्या 'स्पेस पॅनिक'मध्येही होते, पण त्यात उडी नव्हती. इथे चार दिशांची दांडी आणि एकच बटण. वानर वरून पिंपं ढकलतो, ती तिरक्या गर्डरवरून गडगडत येतात आणि जम्पमॅन त्यांच्यावरून उडी मारतो. वर जाण्याचा वेग क्षणाक्षणाला कमी होत शून्यावर येतो आणि मग तसाच खाली वाढत जातो. वर फेकलेल्या दगडाचा मार्ग असाच वाकतो, त्यामुळे ही उडी खोटी वाटत नाही. पण खरा धाडसी निर्णय पुढचा आहे: पाय सुटल्यावर दिशा बदलता येत नाही. पुढच्या अनेक गेमनी हवेत वळण्याची मुभा दिली. मला मात्र हा कडक नियमच जास्त आवडतो. बटण दाबायच्या आधी पिंपाचं अंतर डोळ्यांनी मोजावं लागतं आणि चूक झाली की ती कुठे झाली हे त्याच क्षणी कळतं. थोड्याशा उंचीवरून पडलं तरी जीव जातो, त्यामुळे काठही जपावे लागतात. हातोडा मिळाला की पिंपं फोडता येतात, पण तो हातात असेपर्यंत उडीही नाही आणि शिडीही नाही. ताकद मिळते तेव्हा वाट अडते.

पिंपांची चालही विचारपूर्वक ठरवली आहे. शिडीच्या तोंडाशी आलेलं पिंप खाली उतरणार की पुढे जाणार, हे बरंचसं नशिबावर असतं. त्यात गेमची काठिण्यपातळी मिसळते आणि खेळाडू कुठे आहे, दांडी कुठे वळवली आहे हेही मोजलं जातं. मुरलेले खेळाडू याच नियमाचा फायदा घेऊन पिंपांना हवं तिकडे वळवतात.

पडद्यांचे प्रकार चारच; तेच पातळीमागून पातळी पुन्हा पुन्हा येतात, फक्त अधिक कठीण होत. हे किती वेळ चालतं? 22व्या पातळीपर्यंत. दर पडद्याला मिळणारा वेळ काढताना प्रोग्राम पातळीला 10ने गुणतो, 40 मिळवतो, आणि उत्तर 80च्या वर गेलं तर 80च धरतो. या आकड्याला शंभरने गुणलं की पडद्यावरचे बोनस गुण मिळतात, ते शून्यावर आले की जीव जातो. 22व्या पातळीला बेरीज 260 होते. पण ती आठ बिटांच्या जागेत ठेवायची आहे, आणि तिथे 255च्या पुढे आकडा मावत नाही. 256 झाले की गाडीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यांसारखं सगळं पुन्हा शून्यावर येतं, आणि 260च्या जागी उरतात 4. म्हणजे 8000ऐवजी 400 गुणांचा वेळ, काही सेकंदांतच संपणारा. शिखर गाठायला तेवढा पुरत नाही.

अमेरिकी आवृत्तीत हा 117वा पडदा. विक्रमाच्या मागे लागलेल्या खेळाडूंना त्याच्या आधीच्या 116 पडद्यांतूनच गुण काढावे लागतात. म्हणून ते वर चढायची घाई करत नाहीत. खाली रेंगाळतात, पिंपांचे घोळके जमवतात आणि एका उडीत दोन-तीन ओलांडतात. सर्वोत्तम खेळाडू आज याच रीतीने 12 लाखांच्या पुढे गेले आहेत.