कारागिराचे बिल आता संगणक तपासतो

खंडाळा म्हटले की मुंबईच्या माणसाला लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. आपण येथे बोलत आहोत ते सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याविषयी. पुण्याकडून येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते, पुढे खंडाळा आणि मग खंबाटकीचा घाट. पूर्वी या तालुक्याची ओळख म्हणजे महामार्गावरची गॅरेजे आणि लोणंदच्या बाजारातला कांदा. आज शिरवळ-केसुर्डीच्या पट्ट्यात मोठमोठे कारखाने उभे आहेत. शिरवळला गोदरेजचे फ्रीज बनतात. एशियन पेंट्सचा खंडाळ्याचा कारखाना २०१३ साली सुरू झाला.

कारखाना आला की कुंपणाबाहेरच्या हातांनाही काम मिळते. शेडचे पत्रे, लोखंडी रॅक, लाकडी पॅलेट, लेथवरचे सुटे भाग, वायरिंग, रंगकाम अशी शंभर कामे निघतात. ही कामे आपल्या कारागिरांच्या हातची आहेत. कसबाची कमतरता नाही. परंतु काम चोख करूनही पैसे अडकतात, आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. अशा वेळी दोष पुष्कळदा कामात नसतो, बिलात असतो.

हे कसे घडते ते नीट समजून घेऊ. समजा एका फॅब्रिकेटरने कारखान्याला एक लाखाचे रॅक दिले. १८ टक्के जीएसटी धरून बिल झाले १ लाख १८ हजारांचे. यातले १८ हजार कारखान्याला स्वतःच्या करातून वजा करून मिळतात. पण केव्हा? फॅब्रिकेटरने ते बिल जीएसटीच्या संकेतस्थळावर चढवले असेल तेव्हाच. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम पक्का झाला आहे. बिल चढले नाही तर त्या महिन्यात कारखान्याला ती वजावट मिळत नाही. म्हणून त्यांचा हिशेबनीस बिल दिसेपर्यंत पेमेंट रोखून धरतो.

पूर्वी स्टोअरकीपरशी ओळख असली की चहाच्या कपावर काम निभावत असे. आता कारखान्याचा संगणक संकेतस्थळावरची यादी आणि आपले कागदी बिल समोरासमोर लावतो. नंबर, तारीख, रक्कम यांत फरक पडला की बिल बाजूला पडते. संगणकाशी हुज्जत घालता येत नाही.

यावर उपाय कठीण नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असणाऱ्यांना विवरणपत्र तिमाहीला भरण्याची सवलत १ जानेवारी २०२१ पासून मिळाली. अनेकजण ती घेतात, आणि तीन महिने निवांत बसतात. चूक इथेच होते. तिमाहीवाल्यालाही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवण्याची सोय आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याची तारीख ११ आहे. आपल्या कर सल्लागाराला एकच प्रश्न विचारा, "गेल्या महिन्याची माझी बिले चढली का?"

दुसरी गोष्ट कंपोझिशन योजनेची. कर कमी आणि कटकट कमी म्हणून ती किरकोळ दुकानदाराला सोयीची आहे. पण या योजनेतल्या व्यापाऱ्याला बिलात कर लावता येत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला वजावटही मिळत नाही. कारखान्यांना माल द्यायचा असेल तर या योजनेत शिरण्यापूर्वी दहादा विचार करावा. नोंदणीच्या मर्यादेचाही घोटाळा होतो. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला मर्यादा ४० लाखांची आहे. मजुरीचे काम मात्र सेवेत मोडते आणि तिथे मर्यादा २० लाखांचीच आहे.

हे सर्व ऐकून वाटेल की संगणक फक्त मोठ्यांच्या बाजूने उभा आहे. तसे नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती संगणकावर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. ती केलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे, तसेच सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कारखान्याला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. आयकराची ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तेव्हा बिलावर आपला उद्यम क्रमांक ठळक छापावा. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा फायदा मिळत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपल्या हिशेबाची किल्ली कोणाकडे आहे? जीएसटीचा पासवर्ड सल्लागाराकडे, नोंदवलेला मोबाईल नंबर त्याच्या मुलाचा, बिलांची फाईल त्याच्या कपाटात, असे चित्र गावोगाव दिसते. उद्या त्याच्याशी बिनसले किंवा त्याचा संगणक बिघडला तर आपण हात चोळत बसणार. कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून सहा वर्षे जपावी लागतात, आणि ती जबाबदारी सल्लागाराची नाही, आपली आहे. नोंदवलेला नंबर आपलाच असावा आणि महिन्याकाठी हिशेबाची एक प्रत पेन ड्राईव्हवर घरी असावी. तिजोरी शेजाऱ्याकडे ठेवून चावीही त्यालाच देणारा माणूस आपण शहाणा म्हणणार नाही.

हीच सावधगिरी मोबाईलवरून येणाऱ्या पैशांबाबत हवी. यूपीआय २०१६ साली आले आणि आता चहाच्या टपरीवरही पोहोचले आहे. लक्षात ठेवायचे एवढेच की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका" असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग आहे. स्क्रीनवरचा फोटो पाहून माल सोडू नये, रक्कम खात्यात आलेली पाहावी. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हे शिकायला पुण्याला जावे लागत नाही. आपल्याच घरात बी.कॉम. झालेली मुलगी असते, एम.एस.सी.आय.टी. केलेला पुतण्या असतो. त्यांना आठवड्यातून दोन तास दुकानात बसवावे. बाप वेल्डिंग करतो आणि लेक बिल चढवते, यात कमीपणा कसला? खंडाळ्याच्या कारखान्यांचे काम आपल्या दाराशी आले आहे. ते टिकवायचे तर हात जितका साफ तितकेच बिलही साफ हवे.