भुंग्याचं पंचांग

सिगारच्या शौकिनांचा एक मंत्र आहे : सत्तर-सत्तर. तापमान ७० अंश फॅरनहाइट, आर्द्रता ७० टक्के. लाकडी पेटीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात हाच पाठ असतो. ७० फॅरनहाइट म्हणजे आपले २१ सेल्सिअस. जळगाव-धुळ्यात घरातलं तापमान एवढं उतरतं ते ऐन हिवाळ्यात. म्हणजे मंत्राचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे वर्षातला बराच काळ रद्दच. मग माणूस दुसरा अर्धा निष्ठेनं पाळतो. पेटीत ओलावा ठेवतो, काटा ७० वर स्थिर झाला की समाधानानं झाकण लावतो. घात होतो तो इथे.

बिडी, चुना-तंबाखू आणि तपकिरीच्या या मुलुखात सिगार येते ती बहुधा परदेशी गेलेल्या मुलानं किंवा जावयानं आणलेल्या खोक्यातून. दोन-चार ओढल्या जातात, बाकीच्या कपाटात पडून राहतात. मी ओढत नाही. मला वेड आहे ते काही महिन्यांनी त्या पानावर दिसणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाचं.

भोक पाडणारा तांबूस-तपकिरी भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा. मान खाली घातल्यामुळे कुबड आल्यासारखा दिसतो. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. नाव फॅब्रिशियसनं १७९२ साली दिलं, पण किडा त्याहून पुष्कळ जुना. तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंमध्ये तो सापडला आहे, म्हणजे किमान तेहतीसशे वर्षांपूर्वीचा. तंबाखू तर अमेरिकेची वनस्पती, इजिप्तला तिचा गंधही नव्हता. तेव्हा ‘तंबाखूचा किडा’ ही त्याची ओळख अलीकडची म्हणायची. मूळचा तो वाळवलेल्या, सुगंधी, साठवणीच्या मालावर जगणारा. हळद, धने, सुंठ, मिरची, औषधी मुळ्या, वनस्पतिशास्त्रज्ञांनी कागदावर चिकटवलेली वाळकी पानं, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, काहीही चालतं. नंदुरबारच्या मिरची बाजाराच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या घरांत तो सिगारच्या आधीपासून मुक्कामाला आहे.

त्याला हे तिखट, विषारी खाणं सोसतं कसं, ही त्याच्या चरित्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. त्याच्या आतड्यालगतच्या पिशव्यांत यीस्टसारखी एक बुरशी राहते. ती त्याला ब जीवनसत्त्वं पुरवते आणि अन्नातली विषं निकामी करायला हातभार लावते. मादी अंडं घालताना त्याच्या कवचावर ही बुरशी माखून ठेवते. अळी बाहेर पडताना कवच कुरतडते, तेव्हाच तिला ही शिदोरी मिळते. सिगारच्या आतली पानं खाते ती अळीच. प्रौढ भुंगा जवळजवळ काही खात नाही, भोक पाडून बाहेर पडतो आणि जोडीदार शोधत उडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा आतलं जेवण उरकलेलं असतं.

या कुळाचा शोध घेताना मला हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय भेटला आणि मूळ विषय काही काळ बाजूलाच पडला. १८७७ चा जन्म, १९०३ मध्ये हिंदुस्थानात आला, पुढे बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत सरकारचा ‘इम्पीरिअल एन्टमॉलॉजिस्ट’ झाला. १९०६ मध्ये ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ आणि १९०९ मध्ये ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’, असे दोन ग्रंथ त्यानं दिले. माझ्या मते आपल्या शेतीच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा फारच अपुरी आहे. मायदेशी परतल्यावर त्याच्यापुढे आलं लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं चौदाव्या शतकातलं ओकचं छत. ते पोखरणारा ‘डेथवॉच’ भुंगा आपल्या सिगारवाल्याचा जवळचा भाऊबंद. लेफ्रॉयनं त्यासाठी विषारी द्रावणं बनवली, ती विकायला कंपनी काढली. ‘एन्टोकिल’ हे मनातलं नाव मिळेना म्हणून पुढे एक अक्षर जोडून ‘रेन्टोकिल’ केलं. ती कंपनी आज जगभर आहे. तो मात्र ऑक्टोबर १९२५ मध्ये आपल्याच प्रयोगशाळेत, किडे मारण्याच्या वायूचा प्रयोग करताना बेशुद्ध पडला आणि दगावला. वय अठ्ठेचाळीस.

हे इथे सांगायचं कारण, आपल्याकडेही पहिला हात वायूकडेच जातो. गव्हाच्या कोठीत टाकायच्या त्या राखाडी गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. दमट हवा लागली की फॉस्फीन सुटतो, आणि राहत्या घरात तो माणसं मारतो. या गोळ्या सर्रास विकायला मनाई आहे, तरी मिळतात. शिवाय हा भुंगा त्या विषालाही सरावतोय. तंबाखूच्या गोदामांतल्या भुंग्यांमध्ये फॉस्फीनचा प्रतिकार म्हैसूरच्या सीएफटीआरआयच्या संशोधकांनी १९९४ मध्येच नोंदवला. कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला यांचा वास सिगारच शोषून घेतो. महागडी पेटी ज्या ‘स्पॅनिश सीडर’ची असते, ते झाड कडुनिंबाच्याच कुळातलं. पण त्या लाकडाच्या पेटीतही भुंगे होतात, हे शौकीन मान्य करायला तयार नसतात.

आता आपलं पंचांग. भुंग्याला हवेत ३० अंशांच्या आसपास तापमान आणि ७०-७५ टक्के आर्द्रता. एवढं मिळालं की अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास चारेक आठवड्यांत पुरा. २० अंशांना त्याच प्रवासाला चार महिने लागतात, आणि त्याहून थोडं खाली तो थांबतोच. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, हवा कोरडी ठणठणीत. सिगार तडकते, पण भुंग्यालाही ते सोसत नाही. मात्र आखाजीच्या आधीच घरोघरी कूलर सुरू होतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा खोली २८-३० अंशांवर आणतो, हवा दमट करतो. माणसाला सुख वाटतं तेच भुंग्याला वाटतं. मग पाऊस लागतो आणि कानबाई बसते त्या दिवसांत कूलर बंद असला तरी घर तसंच राहतं. अशा घरात पेटीतला ओलावा ७० वर नेऊन ठेवणं म्हणजे भुंग्यासाठी उबवणी यंत्र मांडणं.

आपल्या बायका धान्याची कीड गच्चीवरच्या उन्हात मारतात ती उष्णतेनंच, पण सिगारला ते ऊन दाखवता येत नाही. उरते थंडी. १९७७ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात याच कुळातल्या भुंग्यांनी दुर्मीळ पुस्तकं पोखरली. धूर-वायू नको, पुस्तकं गोठवा, असा सल्ला दिला चार्ल्स रेमिंग्टन या फुलपाखरांच्या अभ्यासकानं. उणे ३६ अंशांत तीन दिवस, आणि पुस्तकं वाचली. हवानातल्या सिगारही निर्यातीआधी गोठवल्या जातात. धुळ्याच्या राजवाडे मंडळासारख्या संस्थांमुळे जुन्या कागदांची किंमत कळलेल्या शहराला ही पद्धत सांगावी लागू नये.

घरी करायचं ते असं. सिगार हवा काढलेल्या दोन पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग पाच-सहा दिवस उणे १८ च्या फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली, मगच बाहेर. घाई केली तर वरचं पान उकलतं. वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. नंतर रबरी कडेचा घट्ट डबा, त्यात ६२ किंवा ६५ टक्क्यांचं ओलावा राखणारं पाकीट. पाकिटाऐवजी पाणी वापरणार असाल तर बोअरचं नको, क्षार बसतात. धाब्याचं घर असेल तर माजघरातला सर्वांत खालचा फडताळाचा खण. स्लॅबचं घर असेल तर चैत्रापासून पावसाळा सरेपर्यंत डबा सरळ फ्रिजमध्ये. तिथे भुंगा वाढत नाही. आणि वर्षाचा मसाला भरून ठेवलेल्या बरण्या वेगळ्या खोलीत, कारण बहुधा सुरुवात होते ती धन्याच्या बरणीतून.